वजा चार

सात नंबरच्या बेडवरची पोरगी किंचाळत होती आणि तिच्या डोक्यावर भिंतीत बसवलेली पट्टी शांतपणे 'चार' दाखवत होती.

चार म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही. चार म्हणजे उशी सारखी करा, पाणी पाजा, पुढच्या फेरीला डॉक्टर बघतील. पाचला पट्टी पिवळी होते आणि डॉक्टरांच्या मनगटावर निरोप जातो. आठच्या पुढे गेलं की ती लाल होऊन सगळा मजला डोक्यावर घेते. चारला कुणी मान वर करूनही बघत नाही. दुपारचा एक वाजला होता, वॉर्डात जेवणाची ताटं वाजत होती आणि शेजारच्या बेडवरच्या काकू कानांत बोटं घालून म्हणत होत्या, "अहो सिस्टर, हिला जरा गप करा की. मशीनच सांगतंय, एवढं काही झालं नाही म्हणून."

नागमणी येमुल या वॉर्डाच्या मुख्य सिस्टर. वय बावन्न, नोकरीला तीस वर्षं, आणि स्वभाव कडक इस्त्रीचा. सोलापूरच्या पूर्व भागात जन्म, घरात तेलुगू, दारात मराठी. त्यांनी आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता, आणि डोळ्यांत पाणी तर नवरा गेला तेव्हाही कुणाला दिसलं नव्हतं.

"रोशनी, हाड मोडलंय बाई, दुखणारच," त्या म्हणाल्या. "इंजेक्शन दिलंय. दम धर की जरा."

"लई दुखायलंय ओ सिस्टर. मगापेक्षा जास्त. आतनं फुगून फाटायलंय."

रोशनी आडे, वय चोवीस. शहराबाहेर पूर्वी जिथं ज्वारी उभी असायची तिथं आता नजर पोचेल तिथवर सोलर पॅनल उभे होते, आणि रोशनी तिथली तंत्रज्ञ होती. सकाळी आठला पंधरा फुटांवरून घसरली, गुडघ्याखालचं हाड मोडलं, दहाला प्लास्टर झालं. अंगावर कंपनीचा निळा गणवेश, केस मानेपर्यंत कापलेले. भरती करताना फॉर्म नागमणींनीच भरला होता. गाव? कवठ्याचा तांडा. त्यावर सिस्टरांनी मान वर न करता विचारलं होतं, "दारू घेतली होती का?" रोशनीनं नुसतं रोखून बघितलं होतं.

तेवढ्यात दारातून चार बायका आत आल्या. पुढे रोशनीची आई झमकीबाई, मागे तिच्या जावा. झमकीबाईनं लेकीच्या गळ्यात हात टाकले आणि लांब हेल काढून गात गात रडायला सुरुवात केली. मागच्या तिघींनीही साथ धरली.

'आला बाजार,' नागमणी मनात म्हणाल्या आणि औषधांच्या गाडीकडे वळल्या.

आता या पट्टीची हकिकत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. यंत्राचं नाव होतं 'समवेदना'. झाडूवाल्या मावश्या त्याला दुखमीटर म्हणायच्या आणि तेच नाव बरोबर होतं. प्रत्येक बेडवर, प्रत्येक दारावर, जिन्यात आणि बोळात हातभर लांबीच्या पट्ट्या लावल्या होत्या, म्हणजे कुणी कुठंही कळ येऊन पडलं तरी यंत्राला समजावं. पट्टीत कॅमेरा होता आणि कान होता. चेहऱ्यावरचे बारीक स्नायू किती आवळलेत, डोळ्यांच्या बाहुल्या किती पसरल्यात, आवाज किती थरथरतोय, हे ती टिपायची. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला आपल्या कातडीचा रंग बदलतो, पण इतका थोडा की आपल्या डोळ्याला दिसत नाही. तोही पट्टीला दिसे. या सगळ्यातून निघे तो कच्चा आकडा, शून्यापासून दहापर्यंत.

पण कच्च्या आकड्यात एक खोट होती. सगळी माणसं सारखी विव्हळत नाहीत. कुणी काटा टोचला तरी गाव गोळा करतं, कुणी हात तुटला तरी 'बरंय' म्हणतं. म्हणून यंत्र आधी माणसाचा 'वर्तनगट' ओळखे. बोलण्याची ढब, गोंदण, नेसण, हातवारे, आवाजाचा हेल. जात-धर्म ते मुळीच विचारत नसे. कायद्यानं बंदी होती ना! ते फक्त दोन सेकंद बघून ओळखे. मग ज्या गटाची माणसं सोसतात त्यांच्या आकड्यात मिळवी आणि ज्या गटाची आरडाओरडा करतात त्यांच्यातून वजा करी. हा झाला पक्का आकडा. शितावरून भाताची परीक्षा, दुसरं काय? भाताला ती चालते. माणसं एका पातेल्यात शिजलेली नसतात, एवढीच अडचण.

कुठला गट सोसतो आणि कुठला बोंबलतो हे यंत्राला सांगितलं कुणी? सिस्टरांनी. सहा वर्षांपूर्वी यंत्र बनवणाऱ्या कंपनीनं राज्यभरातल्या परिचारिकांकडून चार लाख शेरे गोळा केले होते. रुग्ण कसा दिसतो, कसा बोलतो, कसा रडतो, आणि तुमच्या अनुभवानं खरं दुखणं किती. नागमणींनी एकट्यांनी बाराशे शेरे लिहिले होते.

मनापासून लिहिले होते. त्यांची आई विड्या वळायची. छातीत कळ येत असताना तीन दिवस ती सुपावर वाकून विड्या वळत राहिली. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर तिच्या शांत चेहऱ्याकडे बघून म्हणाला, काही असतं तर बाई बोलली असती. चौथ्या दिवशी ती गेली. आज समवेदनेत तिच्यासारख्या बायका गट चारमध्ये यायच्या आणि त्यांच्या आकड्यात यंत्र तीन मिळवायचं. "हे यंत्र तेव्हा असतं तर माझी आई वाचली असती," असं नागमणी प्रत्येक नव्या नर्सला सांगायच्या. म्हणून यंत्राचा शब्द त्यांच्यापुढे शेवटचा.

औषधांची गाडी फिरवून त्या सात नंबरपाशी परत आल्या, तर चमत्कारच होता. झमकीबाईचं रडणं थांबलं होतं. पदरानं तोंड पुसून ती जावेला सांगत होती, डबा खिडकीत ठेव, फोन चार्जिंगला लाव. पाचेक मिनिटांपूर्वी वॉर्ड हादरवणारी बाई आता गावच्या बसची वेळ विचारत होती. रोशनी मात्र तशीच किंचाळत होती. आवाज बसला होता, तरी किंचाळत होती.

"मावशी, तुमच्यासारखं तिलाही थांबायला सांगा," नागमणी म्हणाल्या. "माणसं भेटली, रडून झालं. बास की आता."

झमकीबाईनं त्यांच्याकडे नीट बघितलं.

"सिस्टर, तुमची काहीतरी चूक व्हायली. आमचं ते रडनं म्हंजे भेट हाय. माझी बहीन चार वर्सांनी भेटली तरी मी गळ्यात पडून अशीच रडीन. दुखलं-खुपलं समदं त्यात सांगायचं, आपल्या मानसांची नावं घ्यायची, आन् मग पुसून कामाला लागायचं. त्याला चाल असती. आईकडनं शिकावी लागती." तिनं लेकीच्या कपाळावर हात ठेवला. "हिच्या रडन्याला चाल न्हाई. हे आमचं रडनं न्हाई, सिस्टर. हे दुखनं हाय."

नागमणी उभ्या जागी थांबल्या. तीस वर्षांचा अनुभव म्हणतात तो डोक्यात नसतो, हातात असतो. त्यांचा हात आपोआप प्लास्टरच्या टोकाकडे गेला. बाहेर आलेली बोटं सुजून चकाकत होती. त्यांनी अंगठा दोन बोटांत धरला आणि अगदी हलकेच वर उचलला.

रोशनी अशी ओरडली की शेजारच्या काकूंच्या हातातली वाटी खाली पडली.

नागमणींना खूण पटली. पोटरीचे स्नायू पातळ पण चिवट पिशव्यांमध्ये बांधलेले असतात. हाड मोडलं की आत सूज येते. पिशवी ताणत नाही, वरून प्लास्टरही ताणत नाही, आणि आतला दाब इतका वाढतो की स्नायूंना रक्तच पोचत नाही. बाहेरून फारसं दिसत नाही. सुरुवातीला खूण एकच, बेसुमार दुखणं, आणि बोट ताणलं की दुप्पट. साधारण सहा तास हातात असतात. त्यानंतर स्नायू मरतात आणि मग पाय कापण्यावर येतं. एकुलती एक खूण दुखण्याची, आणि नेमकी तीच यंत्रानं निम्मी करून ठेवली होती.

पट्टीच्या कोपऱ्यात 'कारण पाहा' अशी बारीक खूण असे. सहा वर्षांत नागमणींनी ती कधी दाबली नव्हती. आज दाबली. कच्चा आकडा आठ. वर्तनगट अकरा. दुरुस्ती वजा चार. पक्का आकडा चार. त्याखाली आधाराला घेतलेले शेरे होते आणि सर्वांत वर हा होता:

'तांड्यावरच्या बायका. माणसं भेटायला आली की गळ्यात पडून मोठ्यानं रडतात. दुखण्याशी संबंध नाही. सवयीचं. — ना. ये.'

ना. ये. म्हणजे नागमणी येमुल.

त्यांना ती दुपार आठवली. कुणीतरी म्हातारी, तिची भेटायला आलेली बहीण, आणि दारातून जाता जाता बघितलेली पाच मिनिटं. का रडता म्हणून तेव्हा त्यांनी विचारलं नव्हतं. थांबल्याही नव्हत्या. यंत्रानं 'माणसं भेटायला आली की' हे चार शब्द सोडून दिले होते आणि उरलेला शेरा राज्यातल्या प्रत्येक तांड्यावरच्या प्रत्येक बाईला चिकटवला होता. यंत्राला काय बोल लावायचा? आडातच नव्हतं, पोहऱ्यात कुठून येणार?

त्यांनी डॉ. शहापुऱ्यांना फोन लावला. डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते, आणि आकडा पाचाखाली असला की त्यांचा फोन लागतच नसे. यंत्रच मंजुळ आवाजात म्हणालं, "डॉक्टर चारच्या फेरीत पाहतील." चारच्या फेरीत! तोवर आठ तास झाले असते.

"सिस्टर, एक सांगू?" परवीन हळूच म्हणाली. ती वॉर्डातली नवी नर्स, चलाख पोरगी. "हिला दोन मिनिटं ओठ मिटून निपचित पडायला सांगा. हात हलवायचा नाही, तोंडानं आवाज नाही. यंत्र गट बदलतं. वजाचं अधिक होईल, लगेच लाल. परवा मी सहा नंबरच्या आजोबांना असंच शिकवलं. सगळेच करतात ओ."

'सगळेच करतात' हे नागमणींना आजच कळत होतं. पण उपाय तर होता. त्या रोशनीच्या कानाशी वाकल्या. "ऐक बाळ. तुझं दुखणं खरं आहे, मला कळलंय. दोनच मिनिटं गप्प पड. दात घट्ट मीट. डॉक्टर पळत येतील."

रोशनीनं घामेजलेला चेहरा त्यांच्याकडे वळवला.

"म्हणजे रडले तर मी खोटी, आणि नाटक केलं तर खरी?"

"तसं नाही गं..."

"तसंच आहे. सकाळी मला विचारलात, दारू पिऊन पडलीस का. या काकू बाथरूममध्ये पडल्यात. त्यांना विचारलात का?" तिला धाप लागली, पण ती थांबली नाही. "शाळेत असताना पेन हरवला की माझी बॅग आधी उघडायचे. नोकरी लागली तर म्हणाले, कोट्यातली असेल. आता पाय माझा, दुखणं माझं, आणि रडायचं मात्र तुमच्या पद्धतीनं? मी नाही गप्प बसणार, सिस्टर. पाय जाऊ दे. मी ओरडणारच."

आणि ती ओरडली. झमकीबाईनं तिला आवरलं नाही. उलट तिचा हात घट्ट धरून ताठ बसली.

शेजारच्या काकू खाली बघायला लागल्या. नागमणींच्या कानशिलांवर लाज चढली, आणि लाजेच्या मागोमाग राग आला. तो यंत्रावर नव्हता. बाराशे शेरे लिहिणाऱ्या बाईवर होता.

"परवीन," त्या म्हणाल्या, "प्लास्टर कापायची करवत आण."

"सिस्टर, डॉक्टरांच्या आदेशाशिवाय? नोकरी जाईल तुमची!"

"माझी नोकरी जाईल. हिचा पाय जाईल. यातलं परत काय जोडता येतं, सांग बघू? आण."

करवत सुरू झाली तशी पट्टीनं लगेच ओळखलं. 'अनधिकृत उपचार. नोंद होत आहे,' असं ती बोलायला लागली. "कर नोंद," नागमणी म्हणाल्या, "नाव पूर्ण लिही. नागमणी व्यंकटेश येमुल." दोन्ही बाजूंनी उभे काप घेऊन त्यांनी प्लास्टर उकललं, आतला कापूसही कापला. पोटरी दगडासारखी टणक लागली. रोशनीला थोडा श्वास मिळाला, पण अंगठा हलवला की कळ तीच. नुसतं प्लास्टर उघडून भागणार नव्हतं.

त्या ऑपरेशन थिएटरकडे निघाल्या. जिन्यावर नागमणी सिस्टर धावताना लोकांनी पहिल्यांदाच बघितल्या. टोपी, मास्क चढवून त्या आत गेल्या तेव्हा डॉ. शहापुरे शेवटचे टाके घालत होते.

"आकडा किती?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

"पक्का चार. कच्चा आठ."

"मग फेरीत बघू की, सिस्टर. यासाठी आत आलात?"

"डॉक्टर, तुम्ही इथं शिकायला होता तेव्हा आम्ही आकडा शिकवला नव्हता. अंगठा हलवून बघायला शिकवलं होतं. मी हलवून आलेय. प्लास्टर मी कापलंय, विचारायला थांबले नाही. आता तुम्ही नाही आलात तर उरलेलंही मीच कापीन, आणि ते मला येत नाही."

शहापुऱ्यांचा हात थांबला. बाईंच्या आवाजातली ही पट्टी त्यांनी कधी ऐकली नव्हती. सुई सहायकाच्या हातात देऊन ते म्हणाले, "सात नंबरला वर घ्या. लगेच."

पावणेदोनला रोशनीच्या पोटरीच्या पिशव्या दोन लांब चिरा देऊन मोकळ्या केल्या. आतले स्नायू काळपट पडायला लागले होते. डॉक्टर बघत राहिले आणि हळूहळू ते पुन्हा लाल झाले. पाय वाचला. चारच्या फेरीत तो वाचला नसता, हे शहापुऱ्यांनी स्वतःच्या हातानं कागदावर लिहिलं. माणूस वाईट नव्हता. अंगठ्यावरचा हात मात्र त्यांनी सहा वर्षांपूर्वीच काढला होता.

नागमणींना त्याच संध्याकाळी घरी बसवलं. विनापरवाना उपचार, यंत्राचा अवमान, थिएटरमध्ये घुसखोरी. सात आठवड्यांनी चौकशीला बोलावणं आलं.

चौकशी बाह्यरुग्ण विभागाशेजारच्या खोलीत होती. एका बाजूला डॉ. शहापुरे, दुसऱ्या बाजूला कंपनीचा ऋत्विज दामले. तिशीचा, चष्मा, नम्र बोलणं. नागमणींनी त्याच्याकडे बघून मनात म्हटलं, पुण्याचा दिसतोय, आता हा आपल्याला शहाणपण शिकवणार. मग स्वतःशीच चपापल्या. दोन सेकंदांत ओळखलं की आपणही! पट्टीला तरी निदान वीज लागते.

"सिस्टर, तुम्ही मुलीचा पाय वाचवलात, त्याबद्दल शंकाच नाही," दामले म्हणाला, आणि त्यानं चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला. "उद्यापासून कामावर या. फक्त एवढ्या निवेदनावर सही हवी. यंत्रात दोष नव्हता, शेरा लिहिताना मानवी चूक झाली होती आणि ती दुरुस्त केली आहे. गट अकराचं वजा चार होतं, ते आम्ही वजा दोन केलंय."

"वजा दोन," नागमणी म्हणाल्या. "म्हणजे आता तांड्यावरच्या बाईचं अर्धंच खोटं."

"शून्य करता येत नाही हो. गट काढले तर अंदाज चुकायला लागतात. आणि वजा काढलं तर अधिकही काढावं लागेल." त्यानं आवाज खाली आणला. "तुमच्या आईंबद्दल मला शहापुरे सरांनी सांगितलं. अशा सोशिक बायकांना आम्ही तीन जास्त देतो. ते काढून टाकू? तुम्ही सांगा."

घाव वर्मी लागला होता. सुपावर वाकलेली आई नागमणींना दिसली, तिची काळी पडलेली बोटं दिसली.

"माझी आई सोशिक नव्हती," त्या म्हणाल्या. तीस वर्षांत हे वाक्य त्यांनी स्वतःशीही उच्चारलं नव्हतं. "ती घरी रात्रभर कण्हायची. मी ऐकलंय. दवाखान्यात ती गप्प बसली, कारण तिला तेलुगू यायची आणि डॉक्टरला मराठी. त्यानं तिला कुठं दुखतंय म्हणून विचारलंच नाही. तोंडाकडे बघितलं आणि ठरवलं. आम्ही सगळे म्हणत राहिलो, बाई सोशिक होती. तिला तीन जास्त नको होते साहेब. एक प्रश्न हवा होता." त्यांनी कागद परत सरकवला. "सही करणार नाही. शेरा माझा चुकला, ते मी माझ्या हातानं लिहून देते. पण यंत्रात दोष नव्हता असं लिहून देणार नाही. पाच मिनिटांच्या बघण्यावर जन्मभराचं वजा लावणं, हाच दोष आहे."

"मग नोकरीचं अवघड होईल, सिस्टर," शहापुरे खालच्या मानेनं म्हणाले.

"होऊ दे. पाय शाबूत आहेत माझे. दुसरीकडे चालत जाईन."

त्या उठल्या आणि दार उघडून बोळात आल्या. समोरून कुबड्यांवर रोशनी येत होती. तपासणीची तारीख होती. डाव्या पोटरीवर दोन लांब वण, पण पाऊल जमिनीला टेकलेलं. मागे झमकीबाई.

दोघी थांबल्या. झमकीबाईनं पिशवी खाली ठेवली, पुढे आली आणि सरळ नागमणींच्या गळ्यात पडली. तोच लांब हेल उठला. तिनं आपल्या आईचं नाव घेतलं, गेलेल्या भावाचं घेतलं, लेकीच्या पायाचं गाणं केलं, आणि मधेच नागमणींना 'नागमणी' ऐकू आलं. आपल्या माणसांच्या नावांमध्ये तिनं त्यांचं नाव बसवलं होतं. रोशनीनं कुबडी भिंतीला टेकवून दोघींना मिठी मारली आणि आईच्या चालीत चाल मिळवली. ती रडता रडता हसत होती.

बोळातली माणसं वळून बघायला लागली. खोलीतून शहापुरे आणि दामले बाहेर आले. नागमणींना वाटलं, आता आवरायला हवं. चारचौघांत शोभत नाही. आणि मग वाटलं, कुणाला शोभत नाही? त्यांनी आवरलं नाही. त्यांना ती चाल येत नव्हती. छातीतून जे आलं ते तेलुगूत आलं, "अम्मा", आणि मग तीस वर्षांचं सगळं एकदम आलं. नागमणी सिस्टर भर बोळात, मोठ्यानं, तोंड उघडून रडल्या.

दारावरची पट्टी चमकली. चाल धरून रडणाऱ्या झमकीबाईच्या डोक्याशी आकडा उमटला: तीन. तिच्याच खांद्यावर रडणाऱ्या नागमणींच्या डोक्याशी उमटला: आठ. मग नऊ. पट्टी लाल झाली, मजल्यावर घंटा वाजली, आणि परवीन व दोन वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन धावत आले ते थेट नागमणींपाशी. झमकीबाईला त्यांनी बाजूला सारलं.

"सिस्टर, झोपा, झोपा! छातीत दुखतंय का?"

"मला काही झालेलं नाही!" नागमणी रडता रडता म्हणाल्या. त्यांनी झमकीबाईचा हात सोडला नाही. "बघा साहेब. एकाच मिठीतल्या दोघी. मला अधिक तीन, हिला वजा दोन. दुखत दोघींनाही नाहीये. तुमचं यंत्र दोघींच्याही बाबतीत चुकलंय. लिहून घ्या हे. माझ्या सहीनं घ्या. याच्यावर करते मी सही."

घंटा वाजतच होती. दामले पट्टीकडे बघत होता, मग मिठीतल्या दोघींकडे, मग परत पट्टीकडे. त्यानं चष्मा काढून पुसला. मनगटावरचं यंत्र दाबून त्यानं घंटा बंद केली, आणि बोळ एकदम शांत झाला. तो दोन पावलं पुढे आला. शाळेतल्या पोरासारखा हात मागे बांधून उभा राहिला. मग झमकीबाईपुढे जरा वाकून म्हणाला,

"मावशी, तुम्हाला कुठं दुखतंय का?"

झमकीबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"न्हाई रं लेकरा," ती म्हणाली. "पर इचारलास, बरं झालं. माझ्या लेकीला सात हप्त्यांमागं इचारायला पायजे हुतं."